मेंदूची चाहूल

कोल्हापुरात दोन पेठांच्या तालमींचा फुटबॉल सामना असला की लोक साखरपुडासुद्धा पुढं ढकलतात. अशा गावात पंचानं एक पेनल्टी दिली तर निम्मं गाव त्याचं वैरी होतं. धनपाल मगदूम यांनी तिथं वीस वर्षं पंचगिरी केली आणि त्यांच्यावर पक्षपाताचा आळ कुणी घेतला नाही. आठवडाभर शाळेत भूगोल शिकवायचा आणि रविवारी काळा पोशाख घालून मैदानात उतरायचं, हा त्यांचा क्रम. एखादा खेळाडू अंगावर धावून आला तरी सर हात मागं बांधून उभे राहायचे. त्याचा सगळा आरडाओरडा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बोलून झालं? चल, आता खेळूया."

हाच माणूस एका उपांत्य सामन्यात चेंडूवर नजर ठेवून उलटा धावत होता. पाय कशात तरी अडकला, तोल गेला आणि मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या पायरीवर डोक्याची मागची बाजू आपटली. कुणाची चूक नव्हती. समोर बसलेल्या त्यांच्या बायकोला, रत्नप्रभाला, तो आवाज एवढ्या गोंगाटातही ऐकू आला. ॲम्ब्युलन्समध्ये एक अनोळखी पोरगी दवाखाना येईपर्यंत सरांची मान धरून बसली.

सर वाचले. ऑपरेशन लागलं नाही. बोलायला लागले, चालायला लागले, मुलीचं नाव त्यांनी बरोबर सांगितलं. बघायला येणारे सगळे म्हणायचे, "वहिनी, मोठं संकट टळलं बघा." रत्नप्रभा हात जोडायची. राजारामपुरीत तिचं चष्म्याचं दुकान होतं, ते तिनं पुन्हा उघडलं. चंदना दहावीला होती, तिची शाळाही सुरू झाली.

खरा मार काय होता ते घरी आल्यावर कळायला लागलं.

एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि सरांनी समोरचं पोह्यांचं ताट भिंतीवर फेकलं. ते ओरडत होते ते शब्द रत्नप्रभानं त्यांच्या तोंडून आजवर ऐकले नव्हते. दोन मिनिटांत सगळं शांत झालं आणि भिंतीवरचे पोहे बघून सर लहान मुलासारखे रडायला लागले.

"हे मी केलं?"

"असू दे हो. जाऊ दे की."

"रत्ना, मला खरंच कळत नाही. मी शांत बसलो होतो आणि एकदम फेकलेलं ताटच दिसलं. मधलं काही नव्हतंच."

असं मग वरचेवर व्हायला लागलं. फोनची रिंग, रस्त्यावरचा भोंगा, चंदनाचं मोठ्यानं हसणं, कशानंही. चंदना दारातच चपला काढून हातात घ्यायची आणि पाय न वाजवता आपल्या खोलीत जायची. गाणी म्हणत अंघोळ करणारी ती मुलगी आता नळसुद्धा बारीक सोडायला लागली. तिला सांगलीला मामाकडे ठेवावं का, याचा विचार रत्नप्रभा करायला लागली होती. तेवढ्यात तिला डॉक्टर शबनम जमादार भेटल्या.

शबनम मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनाचं केंद्र चालवत होत्या. पस्तिशीच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी टेबलावर एका वाटीत पाणी घेतलं, त्यात लिंबू सोडलं आणि वाटी एकदम सरकवून थांबवली. लिंबू जाऊन पुढच्या काठावर आपटलं.

"मेंदू कवटीत असाच तरंगत असतो," त्या म्हणाल्या. "सरांचं डोकं मागं आपटलं, पण मेंदू हिसक्यानं पुढंही आदळला. कपाळामागचा हा भाग म्हणजे आपला लगाम. राग आतून उसळतो, तो हा भाग आवरतो. सरांचा लगाम तुटलेला नाही, सैल झालाय. इथल्या पेशी झोपाळल्यासारख्या चालतात. जागेपणी दिसू नयेत अशा संथ लहरी त्यांच्यात दिसतात."

"औषध आहे?"

"झोपेला आहे, डोकेदुखीला आहे. लगामाला सराव लागतो. अडचण अशी, की हात कसा हलतोय ते आपल्याला दिसतं, म्हणून आपण तो सुधारू शकतो. आपला मेंदू कसा चाललाय ते आपल्याला दिसत नाही. यंत्र ते दाखवतं. कपाळावरची पट्टी लहरी टिपते आणि लहरी हव्या तशा झाल्या की लगेच खूण देते. पडदा उजळतो किंवा सूर लागतो. ती खूण पुन्हापुन्हा मिळाली की मेंदू हळूहळू तिकडे वळायला शिकतो. सायकलचा तोल कसा सांभाळायचा हे कुणाला शब्दांत सांगता येत नाही, पण अंगाला कळतं ना? तसंच."

मग त्या थांबल्या. "आधीच सांगते ताई, हा चमत्कार नाही. सगळ्यांना उपयोग होतो असंही नाही. बाकीच्या उपचारांना हा टेकू आहे."

पूर्वी यासाठी डोक्याला चिकट मलम लावून तारांचं जाळं चढवायला लागायचं. आता ते जाऊन खेळाडू बांधतात तशी मऊ पट्टी आली होती. तरीही सरांचं जमेना. पडद्याच्या उजेडानं त्यांचं डोकं ठणकायचं. बासरीच्या सुराला तर त्यांनी पट्टीच ओढून फेकली.

तेव्हा शबनमनी तिसरा मार्ग काढला. नवा होता, मोजक्याच ठिकाणी चालू होता. यंत्राची खूण रुग्णाला द्यायचीच नाही, त्याच्या माणसाला द्यायची.

रत्नप्रभाच्या कानात मुगाच्या दाण्याएवढं यंत्र बसवलं. शेजारी सर डोळे मिटून बसले, त्यांचा हात तिच्या हातात.

"काय ऐकू येतंय?" शबनमनी विचारलं.

"मोहरी तडतडल्यासारखं."

"हा सरांच्या मेंदूचा आत्ताचा आवाज. म्हणजे यंत्रानं आपल्यासाठी केलेला. तडतड कमी होऊन पाटाच्या पाण्यासारखी झुळझुळ झाली, की सरांचा तळहात अगदी हलका दाबायचा. बस्स."

"आणि मी बोलायचं काय?"

"काहीच नाही."

पहिल्या दिवशी झुळझुळ आलीच नाही म्हटलं तरी चालेल. पुढच्या आठवड्यात एकदा आली, चिमणी गजावर बसून उडावी तेवढीच. रत्नप्रभानं हात दाबला. सरांच्या कपाळावरची आठी सैल झाली आणि झुळझुळ परत आली. तिचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या इतकं आत ती कधी गेली नव्हती.

पावसाळा संपेपर्यंत सरांना अर्धा अर्धा तास शांत बसता यायला लागलं. शबनमनी पट्टी घरी नेऊ दिली. सकाळ-संध्याकाळ सराव करायचा, एवढंच सांगितलं होतं. पण सराव संपल्यावर रत्नप्रभानं कानातलं यंत्र एकदा काढलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांना पट्टीची सवय झाली होती, तेही ती दिवसभर घालून बसायचे.

आणि घर बदललं.

तडतड कानात सुरू व्हायची तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नसायचं. रत्नप्रभाला त्यांच्या रागाची चाहूल त्यांच्याआधी लागायची. ती पटकन टीव्ही बंद करायची, कुकर उतरवायची, विषय बदलायची, "चला, गच्चीवर जाऊन येऊ," म्हणायची. राग यायच्या आत विझायचा. ताटं फुटायची थांबली. शेजारचे म्हणाले, "सर पहिल्यासारखे झाले की!" रत्नप्रभा हसायची. ती दुकानात असली तरी फोनवरून आवाज तिच्यापर्यंत पोचायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं बदलत असताना तिचं निम्मं लक्ष कानात असायचं.

तिला पहिला धक्का चंदनानं दिला. स्वयंपाकघरात येऊन मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "आई, बाबांना सहलीचं विचारायचंय. आत्ता कसे आहेत?"

रत्नप्रभानं कानाकडे लक्ष दिलं. "थांब जरा. हं, आता जा."

चंदना गेली. रत्नप्रभा पोळी लाटता लाटता थांबली. बाहेर पाऊस आहे का, छत्री घेऊ का, असं विचारावं तसं मुलीनं बापाबद्दल विचारलं होतं, आणि आपण खिडकीतून बघून सांगावं तसं सांगितलं होतं.

तरीही तिनं यंत्र काढलं नाही. कसं काढणार? दिवाळी इतकी शांततेत गेली होती.

एके दुपारी सर घरी एकटेच होते. शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला, रजा आणखी किती वाढवणार म्हणून. बोलणं चिघळायला लागलं. तेवढ्यात घरातला दुसरा फोन वाजला.

"अहो," रत्नप्रभा दुकानातून बोलत होती, "मोबाइल बिझी लागतोय तुमचा. तो ठेवा बघू. आधी पाणी प्या."

सरांनी दोन्ही फोन ठेवले.  मग कपाळावरची पट्टी काढून टेबलावर ठेवली, चप्पल घातली आणि बाहेर पडले. अपघातानंतर ते एकटे बाजारातून चालले नव्हते. भोंगे, रिक्षावाल्यांच्या हाका, दुकानांतली गाणी, या सगळ्यातून वाट काढत ते राजारामपुरीत पोचले. घामानं भिजले होते.

रत्नप्रभा घाबरून काउंटरमागून बाहेर आली. तिच्या कानात काहीच वाजत नव्हतं. समोर नवरा उभा होता आणि तिला त्याच्याबद्दल काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"काय झालं हो?"

"कानातलं काढ."

"अहो, मी फक्त..."

"मला माहितीये तू कशासाठी करतेस ते. काढ." त्यांचा आवाज वर चढला नव्हता. "रत्ना, तू माझ्याशी बोलत नाहीस आता. माझ्या मेंदूशी बोलतेस. मी तोंड उघडायच्या आत तू उत्तर देतेस. मी बरा झालो की मला फक्त आवरून ठेवलंय, हे मलाच कळेनासं झालंय."

"परत तसं झालं तर? पोरगी घाबरते तुम्हाला."

"घाबरते. आणि मलाही माझी भीती वाटते. पण राग माझा आहे, तो मला ओळखता यायला पाहिजे. तू मधेच विझवलास तर मला तो दिसणार कधी?"

रत्नप्रभानं यंत्र काढलं. कान हलका झाला आणि एकदम बहिरा झाल्यासारखाही वाटला.

दुसऱ्या दिवशी दोघं शबनमकडे गेली. शबनमनी घरचे सगळे आलेख उलगडून बघितले. "मी हे आधीच बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "केंद्रातल्या सरावात सरांची प्रगती स्पष्ट दिसतेय. घरी मात्र प्रत्येक वेळी तडतड सुरू होते आणि बाहेरून कुणीतरी ती थांबवतं. लगाम सरांच्या हातात यायच्या आत ताई तो ओढतात. यात तुमची चूक नाही, ताई. तुमच्या जागी मी असते तर मीही काढलं नसतं."

मग त्यांनी सरावच उलटा केला. आता रत्नप्रभानं हात दाबायचा नव्हता. सरांनी डोळे मिटून आपल्याला आत काय वाटतंय ते सांगायचं, आणि मग तिनं कानातल्या आवाजाशी ते ताडून बघायचं.

"तडतड," सर म्हणायचे.

"नाही. झुळझुळ आहे."

"असं कसं? मला तर छातीत गच्च वाटतंय."

सुरुवातीला सगळेच अंदाज चुकले. पण चष्म्याचा नंबर काढताना माणूस दहा वेळा गोंधळतो आणि तरी शेवटी त्याला नीट दिसणारं भिंग सापडतंच, हे रत्नप्रभा रोज बघत होती. तिनं धीर सोडला नाही. हळूहळू सरांना खुणा सापडायला लागल्या. राग यायच्या आधी त्यांची जीभ टाळूला चिकटायची. बघताना कडेचं दिसेनासं व्हायचं, जणू नळीतून बघतोय. हे त्यांनी स्वतः शोधून काढलं तेव्हा शबनमनी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या.

सरावाखेरीज यंत्र डबीत राहायचं. ते दिवस सोपे नव्हते. एकदा चंदनाच्या हातून पाण्याचा जग फुटला आणि सर तिच्यावर असे कडाडले की ती भिंतीला चिकटून उभी राहिली. रत्नप्रभाचा हात डबीकडे गेला. सर खोलीत निघून गेल्यावर चंदना म्हणाली, "नको, आई."

"तुला भीती वाटली ना?"

"वाटली. पण मधे घर किती गप्प झालं होतं. बाबा बसलेले असायचे, पण आहेत असं वाटायचं नाही. त्यापेक्षा हे चालेल मला."

थोड्या वेळानं सर बाहेर आले, खाली बसून काचा वेचायला लागले आणि मुलीला म्हणाले, "ओरडायच्या आधी जीभ चिकटली होती. कळलं होतं मला. पण थांबता आलं नाही. पुढच्या वेळी बघतो." चंदनानं केरसुणी आणून दिली.

पुढच्या हिवाळ्यात फुटबॉल संघटनेचे साळोखे घरी आले. मोठ्या सामन्यांत आता चेंडूतच यंत्र असायचं, ऑफसाइड कॅमेरे ठरवायचे. पण शाळांच्या स्पर्धांना ते परवडत नव्हतं, तिथं अजून माणसाचे डोळेच लागत होते. "सर, मुलींचा सामना आहे," साळोखे म्हणाले. "छोटा आहे. बघा, जमलं तर."

शबनम म्हणाल्या, पट्टी घालून जा. सर म्हणाले, नको.

मैदानात दोन्ही शाळांची पोरं, पालक, कुणाकुणाचे मामे-काके जमले होते. रत्नप्रभा आणि चंदना मधल्या पायऱ्यांवर बसल्या. सर काळ्या पोशाखात आत आले तेव्हा काही जुन्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शिट्टी झाली. रत्नप्रभाचा जीव डोळ्यांत गोळा झाला होता.

पूर्वार्ध नीट गेला. उत्तरार्धात गोलजवळ एक मुलगी पडली आणि सरांनी पेनल्टी दिली. लगेच एका मुलीचा बाप कठडा ओलांडून आत घुसला. "डोळे फुटले काय? चेंडूलाच पाय लागला तिचा!" तो सरांच्या तोंडासमोर बोट नाचवत होता. रत्नप्रभा उठून उभी राहिली. तिला काही ऐकू येत नव्हतं. तिच्याजवळ फक्त डोळे होते, आणि डोळ्यांना पाठमोरा नवरा दिसत होता. सरांनी हात मागं बांधले. काहीतरी बोलले. तो बाप आणखी थोडा तणतणला आणि मागं फिरला. पेनल्टी झाली, गोल झाला.

तिनं श्वास सोडला. पण ते तिथं संपलं नाही. गोलच्या आनंदात कुणीतरी हलगी वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूनंही हलगी आली. सगळं मैदान दणाणायला लागलं. आता कुणीही वाद घालत नव्हतं, खेळ चालू होता. आणि अचानक सरांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. चालत कडेला आले, गळ्यातली शिट्टी काढून राखीव पंच असलेल्या तरुण मुलीच्या हातात दिली, तिला काहीतरी सांगितलं आणि मैदानाबाहेर गेले.

"काय झालं? जमलं नाही वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. एकानं शीळ घातली.

रत्नप्रभा आणि चंदना धावत खाली उतरल्या. सर पाण्याच्या टाकीमागं, जिथं आवाज जरा कमी होता, तिथं भिंतीला टेकून बसले होते. चेहरा ओला होता. रत्नप्रभानं त्यांच्याकडे बघितलं आणि तिला कळेना, हे हसतायत की रडतायत.

"आला होता, रत्ना," ते म्हणाले. "लांबून येताना दिसला. त्या बापाच्या वेळी नाही, तेव्हा ठीक होतं. हलगीच्या वेळी. जीभ चिकटली, कडेची माणसं दिसेनाशी झाली. म्हटलं, अजून थोडा वेळ आहे. शिट्टी देऊन टाकावी. तेवढा वेळ होता गं मधे! पुरेसा होता."

"म्हणजे तुम्ही..."

"मी थांबलो. मला कुणी सांगितलं नाही."

ती त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली, तसं त्यांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मैदानातल्या लोकांना वाटलं असेल, मगदूमसर हरले. तिनं ते डोकं तसंच राहू दिलं आणि मनातल्या मनात एकेकाला हात जोडले. शबनमना. ॲम्ब्युलन्समध्ये सरांची मान धरून बसलेल्या त्या अनोळखी पोरीला. कुठल्या कुठल्या शहरांत, प्रयोगशाळांतल्या खुर्च्यांवर पट्ट्या बांधून तासन् तास बसलेल्या माणसांना, ज्यांची नावं तिला कधीच कळणार नव्हती, ज्यांच्यातल्या काहींना कदाचित स्वतःला उपयोगही झाला नसेल. तिनं शबनमना फोन लावला. पलीकडून शबनम म्हणाल्या, "ताई? वाईट काही?" रत्नप्रभा एवढंच म्हणाली, "नाही. नाही हो."

सामना संपला तशी तिघं निघाली. दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत होती, त्यामुळे पावलं जरा भराभर पडत होती.

"बाबा," चंदना म्हणाली, "पण ती पेनल्टी नव्हती हं."

"काय म्हणालीस?"

"नव्हतीच. चेंडूला पाय आधी लागला. मी नीट बघितलं."

"तू पायऱ्यांवरून बघितलंस. मी दहा हातांवर होतो!"

"दहा हातांवरून चुकलात मग!"

सरांचा आवाज चढला. चंदनाचाही चढला. रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघायला लागली. मुलगी हातवारे करत बापाच्या पुढं उलटी चालत होती, बाप तिला पायाचा कोन बोटांनी दाखवत होता, आणि दोघांपैकी कुणीही माघार घेत नव्हतं. रत्नप्रभाच्या ओठांवर "पुरे आता" आलं होतं. तिनं ते गिळलं, दोन पावलं मागं राहिली आणि त्यांना भांडू दिलं.